नदीच्या अलीकडची सभा

जोथम पर्ली वकील गेला तेव्हा आमच्या राज्याची राजधानी कॉन्कर्ड, तिथल्या वर्तमानपत्रात त्याच्यावर चार ओळी आल्या. कुणाच्या हाताखाली वकिली शिकला, किती वर्षं विधिमंडळात बसला, मागे कोण राहिलं, झालं. लिहिणाऱ्याने त्याला गुडघाभर चिखलात, अंगात धड कोटही नाही, अशा अवतारात कधी पाहिला नसणार. मी पाहिलाय. नदीच्या पूर्वकाठावरची खानावळ माझी. माझा नवरा मिस्टर टटल वारल्यावर मीच ती चालवत आले, आणि जोथम या मुलखात आला तो पहिल्यांदा माझ्याच दारात उतरला. तेव्हा ते वर्तमानपत्र चुलीत घाला आणि मी सांगते ते ऐका.

आला तेव्हा चोविशीचा असेल. ताडमाड उंच, कोटाची कोपरं फाटलेली, कायद्याची पुस्तकं पिठाच्या पोत्यात बांधलेली. बाप पिंपं बनवणारा. पोराने एका म्हाताऱ्या वकिलाची कचेरी झाडत झाडत, त्याचे कागद उतरवत वकिली उचललेली. माझ्याकडचं उकडलेलं डुकराचं मटण आणि घेवडा दोनदा वाढून घेतला आणि मग अदबीने विचारलं, की या गावाला वकिलाची गरज आहे का.

"गरज नसलेलं गाव सापडलं तर मला कळव," मी म्हटलं. "मीच तिथे राहायला जाईन."

तो हसला आणि राहिला. वर्षाच्या आत त्याने माझ्या बहिणीच्या मुलीशी, अझूबाशी लग्न केलं. ती माझ्याकडे स्वयंपाकघर सांभाळायची. तेव्हापासून मी त्याची मावशी झाले, आणि मावशीला जेवढं बोलायचा हक्क असतो तेवढं मी त्याला आयुष्यभर बोलले.

आता गावाचं सांगते. गावाचं नाव हार्मनटाउन, म्हणजे नावातच सगळं आलं. स्क्वायर, म्हणजे गावचा बडा जमीनदार, झेडॉक हार्मन हा गावचा थोरला पंच, न्यायाधीशही तोच, विधिमंडळातला आमदारही तोच, आणि दर गावसभेचा अध्यक्षही तोच. सभाघर, शाळा, कोंडवाडा, दफनभूमी, सगळं नदीच्या पश्चिमेला, त्याच्या दारापासून हाकेच्या अंतरावर. आम्ही पूर्वेचे लोक त्यांच्याइतकाच कर भरायचो. पण गावसभा भरते मार्चमध्ये, आणि मार्चमध्ये आमची नदी कुणाचीच नसते. बर्फ पावलाखाली फुटण्याइतका कुजलेला आणि नाव मात्र घालता येऊ नये इतका घट्ट. रस्ते कुठले दुरुस्त करायचे, शाळेचा मास्तर कुठे बसवायचा, पंच कोण, आमदार कोण, सगळं त्या एका दिवशी हात वर करून ठरायचं, आणि आमचे हात नदीच्या अलीकडे. दुसऱ्याच्या वतीने कुणाला हात वर करता येत नाही, कायदाच आहे तसा.

टेकडीवरच्या ओबेड क्लफचंच बघा. बेनिंग्टनच्या लढाईत इंग्लंडच्या राजाच्या फौजेविरुद्ध लढला, तिथे गुडघ्यात गोळी खाऊन आला. देश मोकळा झाला, ओबेड म्हातारा झाला, आणि मार्चच्या सभेत त्याने एकदाही मत दिलं नव्हतं. बायको हल्दा आंधळी. काठीच्या आधाराने म्हातारा नदीपर्यंत यायचा, पलीकडे जमलेल्या घोडागाड्या बघायचा, आणि माझ्याकडे सफरचंदाची दारू पिऊन परत जायचा. मला ते बघवायचं नाही.

आम्हाला आमचं वेगळं गाव हवं होतं. तेवढंच मागणं. ते विधिमंडळाने कायदा करून द्यावं लागतं. आमच्या लोकांनी दोनदा अर्ज केला, दोनदा विधिमंडळाची समिती पाहणीला आली, आणि दोन्ही वेळा सप्टेंबरमध्ये. सप्टेंबरात आमच्यासारखा मुलूख नाही हो. मेपलची पानं लालभडक, रस्ते कोरडे, नदी घोट्याएवढी. समिती स्क्वायरकडे भाजलेला हंस जेवायची, त्याच्या गाडीतून नदी पार करून फिरून यायची, आणि लिहायची की अर्जदारांची तक्रार समजली नाही.

जोथमने हे सगळं ऐकून घेतलं. पण त्याला विचारतो कोण. अशिलं नव्हती, आणि लग्नानंतरच्या पहिल्याच सभेत पश्चिमेच्या लोकांनी त्याची थट्टा केली. आमच्याकडे रीत आहे, वर्षात ज्याचं लग्न झालं त्याला सभेत डुकरांचा कारभारी निवडायचं. मोकाट डुकरं धरायची, गळ्यात लाकडी जोखड आणि नाकात कडी घालायची, असं ते काम. करत कुणीच नाही. नवरदेवाने सगळ्यांना एकेक पेला पाजायचा आणि विषय संपला. जोथम सभेला नव्हताच, नदीच्या या काठावरच अडकला होता. निरोप आला तेव्हा माझ्या खानावळीत सगळे पोट धरून हसले.

जोथमने मात्र जाऊन रीतसर शपथ घेतली. आणि मग कोट काढून, अझूबाने शिवलेल्या नव्या सदऱ्यानिशी, स्क्वायरच्या पूर्वकाठावरच्या शेतातली डुकरं धरायला लागला. ती डुकरं आमची मक्याची शेतं वर्षानुवर्षं उकरत होती आणि कुणाची बोलायची टाप नव्हती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो चिखलात लोळत होता. डुकराच्या मागे धावणारा वकील बघायला लोक जेवणं टाकून आले. संध्याकाळी एकूण एक डुकराच्या गळ्यात जोखड. स्क्वायर फिर्याद घेऊन शेजारच्या गावच्या न्यायाधीशाकडे गेला, तिथे जोथमने स्क्वायरनेच सही केलेला गावचा नियम वाचून दाखवला आणि खाली बसला. स्क्वायर हरला. दुसऱ्या दिवसापासून पूर्वकाठावर कुणाचंही भांडण असो, लोक म्हणायला लागले, जोथमला विचारा.

मग एका हिवाळ्यात तो माझ्या चुलीपाशी बसला होता. आमचे आठ-दहा लोक नेहमीप्रमाणे नदीला शिव्या घालत होते. जोथम म्हणाला, नदीला कशाला बोलता, ती काही लपून येत नाही. सभा मंगळवारी. शनिवारपर्यंत थंडी टिकली तर बर्फ माणसाला पेलतो. मग शनिवारीच नदी पार करा. पलीकडे कुणाची मेहुणी असेल, कुणाचा साडू असेल, कुणाचं गवताचं कोठार असेल. मंगळवारपर्यंत तिथेच मुक्काम ठोका.

इतकं साधं होतं ते. चार दिवस गुरं कोण बघणार, दूध कोण काढणार, मेपलच्या झाडांचा रस काढून पाक कोण आटवणार, याच विचाराने आजवर कुणी ते केलं नव्हतं. मी म्हटलं, बायका काय मेल्या आहेत का? त्या वर्षी पूर्वकाठावरची सगळी गुरं आम्ही बायकांनी सांभाळली. ओबेड तेवढा गेला नाही. हल्दाला चार दिवस एकटी टाकणार नाही म्हणाला.

पुढची गंमत मी डोळ्यांनी पाहिली नाही, पण इतक्या जणांकडून ऐकली आहे की पाहिल्यासारखीच आहे. पश्चिमेच्या लोकांची एक सवय होती. सभा दहाची, पण पूर्वेचे येणार नाहीत हे माहीत असल्याने ते आधी तिकडच्या खानावळीत बसायचे. स्क्वायर अकराच्या सुमाराला तोंड पुसत निघाला की बाकीचे त्याच्यामागे. त्या दिवशी दहाला सभाघरात आमचे लोक कोठारांतून निघून, अंगावरच्या गवताच्या काड्या झटकत, ओळीने बसलेले. पश्चिमेचे पाच-सहाच. गावचा चिटणीस सरळ माणूस. जोथमने त्याला घड्याळ दाखवलं आणि नोटिशीत किती वाजता लिहिलंय ते विचारलं. चिटणिसाने सभा सुरू केली.

स्क्वायर आत शिरला तेव्हा अध्यक्षाच्या खुर्चीत आमचा गिरणीवाला होता, आणि जोथम पर्ली आमदार म्हणून निवडून आलेला होता.

"सभा कुणी सुरू केली?" स्क्वायर म्हणाला.

"दहा वाजले होते, स्क्वायर," जोथम म्हणाला.

त्यावर पश्चिमेचे काही जण हमरीतुमरीवर आले, पण स्क्वायरनेच त्यांना गप्प केलं. कायद्यात बोट ठेवायला जागा नव्हती. शिवाय त्याला वाटलं, जाऊ दे या पोराला कॉन्कर्डला, तिथे याला कुत्रं विचारणार नाही.

खरं सांगायचं तर पहिले सहा महिने कुत्र्यानेही विचारलं नाही. जूनच्या अधिवेशनात तो मागच्या बाकावर बसून ऐकत राहिला. घरी आला तेव्हा मी त्याला विचारलं, तोंड उघडलंस का? म्हणाला, "मावशी, तिथे सगळेच तोंड उघडतात. ऐकणारा एकही नव्हता, म्हणून ती जागा मी घेतली." मला त्याचा राग आला होता, लपवत नाही. आम्ही बायकांनी काय उगाच चार दिवस बर्फात गुरं राखली?

नोव्हेंबरात त्याने आमचा अर्ज तिसऱ्यांदा मांडला. समिती नेमली गेली. तिचा प्रमुख कॅप्टन लेगेट, समुद्रकाठचा जहाजमालक, आडदांड, तोंडाने फटकळ, पण मनाने सच्चा. जोथमने एवढंच सुचवलं, की माननीय सभासदांना जूनच्या आधी अहवाल द्यायचा आहे, मे महिन्यात पेरण्यांमुळे गावात कुणी भेटणार नाही, आणि हिवाळ्यात बर्फाखाली काहीच दिसणार नाही. तेव्हा एप्रिलच्या मध्यावर यावं. कॅप्टनने विचारलं, एप्रिलमध्ये तुमच्याकडचा रस्ता कसा असतो?

"आहे तसा दिसेल, साहेब," जोथम म्हणाला.

डोंगराळ भागातले आमदार खाली बघून खोकायला लागले म्हणे. समुद्रकाठच्यांना वाळू माहीत, चिखल माहीत नाही. स्क्वायरला खबर लागेपर्यंत ठराव लिहून झाला होता. त्याने पाहणी सप्टेंबरला ढकला म्हणून दोन मित्रांकरवी खटपट केली, पण कॅप्टनला ठरलेली गोष्ट बदलायचा तिटकारा.

समितीचे तिघे एप्रिलात आले आणि रात्री स्क्वायरकडेच उतरले. सकाळी नदी स्वच्छ होती. आदल्या आठवड्यात आमच्याकडचा बर्फ वाहून गेला होता. कडाक्याची थंडी पडलेली, रस्ता रात्रीत गोठून दगडासारखा. जोथमने त्यांना अलीकडे आणलं, माझ्या बैलगाडीत बसवलं आणि ओबेडच्या घरापर्यंत नेलं. स्क्वायरही घोड्यावरून बरोबर. गाडी खडखडत माझ्या दारावरून टेकडीला लागली तेव्हा तो कॅप्टनला म्हणाला, बघा हा रस्ता, यावर यांची तक्रार आहे. मी दारातच उभी होते. मला वाटलं, मुलाने घात केला.

जोथम शांत होता. ओबेडच्या घरी हल्दाने मक्याच्या पिठाचं पुडिंग आणि मेपलचा गूळ समोर ठेवला, ते सगळ्यांनी सावकाश खाल्लं. मग जोथमने समितीला एकच विनंती केली. ओबेड सभेला निघालाय असं समजा आणि त्याच्याबरोबर सभाघरापर्यंत चला. बस.

तोवर ऊन वर आलं होतं. एप्रिलचं ऊन वर आलं की आमच्या रस्त्याची वरची वीतभर माती सुटते, खाली अजून गोठलेली, पाण्याला जायला वाट नाही. टेकडीच्या मध्यावर गाडीची चाकं आसापर्यंत रुतली. बैल पोटापर्यंत गेले आणि उभेच राहिले. सगळे उतरले. कॅप्टन लेगेटने पाऊल टाकलं, दुसरं उचललं, तर पाय वर आला आणि बूट तिथेच राहिला. हात घालून शोधला, सापडला नाही. तो बूट आजही तिथेच आहे. स्क्वायरचा घोडा लंगडायला लागला म्हणून त्यालाही उतरावं लागलं. आणि या सगळ्यांच्या मधून ओबेड आपला काठी टेकत, गवताच्या कडेकडेने, कुठे पाय द्यायचा ते बघत चालला होता. जोथमने कोट काढून बैलांच्या पायांखाली अंथरला आणि चाकाला खांदा लावला.

माझ्या दारात ती मंडळी आली तेव्हा दुपार झाली होती. कोण माणूस आणि कोण चिखल ते कळत नव्हतं. मी कॅप्टनला मिस्टर टटलची विजार दिली. ती त्याला आखूड झाली, पण त्याने तशीच चढवली. आणि त्याच वेळी वरच्या तलावातला बर्फ सुटून खाली आला. घराएवढे तुकडे एकमेकांवर चढत, कडाकडा आवाज करत नदीभर पसरले. नावाड्याने दोर बांधून टाकला. कॅप्टन म्हणाला, मी सात समुद्र पाहिलेत, हा ओढा काय घेऊन बसलात, मी स्वतः वल्हवतो. तसाच अनवाणी काठापर्यंत गेला. थोडा वेळ उभा राहिला आणि परत येऊन चुलीपाशी बसला.

मग त्याने ओबेडला विचारलं, की आजोबा, मार्चच्या सभेला तुम्ही आजवर किती वेळा गेलात?

"एकदाही नाही," ओबेड म्हणाला. "बेनिंग्टनला गेलो होतो. तिथे मध्ये नदी नव्हती."

स्क्वायर खिडकीतून पलीकडे आपल्या घराचा धूर बघत होता. त्यालाही त्या रात्री माझ्याच खानावळीत झोपावं लागलं. चांगल्या खाटा समितीला दिल्या होत्या, म्हणून मी त्याला उरलेली दिली. मला फार बरं वाटलं.

जूनमध्ये विधिमंडळात चर्चा झाली तेव्हा स्क्वायरचे मित्र म्हणाले, चिखल काय सगळ्या राज्यात आहे, चिखल झाला की वेगळं गाव देत सुटायचं का? तेव्हा जोथम मागच्या बाकावरून पहिल्यांदा उठला. म्हणाला, "चिखल सगळ्यांना आहे, मान्य. पण तुमचा चिखल तुमच्या आणि तुमच्या मताच्या मध्ये आडवा येत नाही. आमचा येतो." आणि बसला. कॅप्टन लेगेट उठला आणि म्हणाला की त्या रस्त्यात माझा एक बूट आहे, दुसरा मी या गावासाठी द्यायला तयार आहे. ठराव पास झाला.

जोथम कायद्याची प्रत घेऊन घोड्यावरून आला तेव्हा मी अंगणात मेणबत्त्या ओतत होते. त्याने लांबूनच टोपी हलवली. मी मेण सांडलं, हात भाजून घेतला आणि ढसाढसा रडले. लोक म्हणाले, गावाला पर्लीचं नाव द्या. तो म्हणाला नको, पुढे रस्त्याला शिव्या घालाल तेव्हा माझं नाव मध्ये येईल. मग ओकहिल नाव ठेवलं.

आमची पहिली मार्चची सभा माझ्या मोठ्या खोलीत भरली, सभाघर कुठे होतं तेव्हा. नदी नेहमीसारखी कुजकी होती आणि कुणी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बायकांना मत नव्हतं, आम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होतो. त्या नियमाबद्दल माझं जे म्हणणं आहे ते मी जोथमला पुढे दर मार्चला ऐकवलं. अझूबा हल्दाला आदल्या दिवशीच आपल्याकडे घेऊन आली होती. ओबेड चुलीशेजारच्या बाकावर, दाढी करून, जुन्या फौजेतल्या कोटात बसला होता.

जोथमला अध्यक्ष केलं. पहिलाच विषय सभाघर कुठे बांधायचं. जोथमची फार इच्छा होती की ते टेकडीच्या माथ्यावर असावं. त्याने जागा पाहून ठेवली होती, आजूबाजूच्या तिन्ही दऱ्यांतून दिसेल अशी, आणि गाव वेगळं व्हायच्या आधीपासून तो अझूबाला ती दाखवायला न्यायचा. दुसरा पक्ष म्हणाला गिरणीच्या चौकात बांधा. वाद झाला, जोथम सुंदर बोलला. मग हात मोजण्यात चूक नको म्हणून माथ्यावाले खिडकीकडे, चौकवाले स्वयंपाकघराच्या दाराकडे असे उभे राहिले. मोजलं तर दोन्हीकडे सारखे.

आणि ओबेड बाकावरच होता.

म्हातारा उठला. काठी टेकली. सगळ्यांना वाटलं खिडकीकडे जाणार, ज्या माणसाने त्याला ही सभा मिळवून दिली त्याच्या बाजूला. तो खोलीच्या मधोमध आला, जोथमकडे बघितलं आणि सावकाश वळून, एकेक पाऊल टाकत, दाराकडे गेला. आमच्या दारापाशी येऊन उभा राहिला. त्याला तेवढं अंतर चालायला वेळ लागला आणि कुणी घाई केली नाही.

"माथ्यावर माझा पाय चढत नाही, वकीलबुवा," तो म्हणाला.

मी जोथमकडे पाहिलं. मनात म्हटलं, मेल्या, तुझ्या लक्षात कसं नाही आलं. त्याचा चेहरा आधी लाल झाला. मग असा काही उजळला की मी लग्नातही त्याला तसा पाहिला नव्हता. त्याने अध्यक्षाची हातोडी उचलली.

"ठराव एका मताने पडला," तो म्हणाला, आणि हातोडी धरून तसाच उभा राहिला. आयुष्यात इतक्या वेळा जिंकलेला माणूस, पण हरल्याचा असा आनंद झालेला मी दुसरा पाहिला नाही. डोळे पुसायला त्याने खिशात हात घातला, तर रुमाल नव्हता. मग बाहीनेच पुसले.

"आता उभा काय राहिलास?" ओबेड म्हणाला. "पुढचा विषय घे."